वरचे शेत आपले, खालचा दगड कुणाचा?

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वेचणीचे दिवस अंगावर असताना तुम्ही इथे आलात. शेतात बाया लावून, कुणी पोराला राखणीला बसवून आलात. तुम्हाला वाटले असेल की आज कापसाच्या भावावर बोलणे होईल, ज्वारी कुणी घेत नाही त्यावर होईल. ते होणारच आहे, आमच्यानंतर बोलणारे ते बोलतील. आम्ही मात्र तुम्हाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या दगडांची गोष्ट सांगणार आहोत. मागे बसलेले काहीजण हसले. हसा. आम्हीही हसत हसतच गेलो होतो. परत येताना गाडीत तिघेही गप्प होतो.

जायचे कारण असे झाले. वणी, घुग्घुस, राजुरा हा आपला पट्टा. वर पऱ्हाटी आणि तूर, खाली कोळसा आणि चुनखडी. कुठल्या गावच्या शिवारात कधी भोके पाडणारे यंत्र येऊन उभे राहील याचा नेम नाही. मोजणीवाले येतात, धुऱ्यावर खुणेचे दगड रोवतात, आणि विचारले तर म्हणतात, नुसती पाहणी आहे. मग सहा महिन्यांनी कागद येतो. आमच्यातल्या एकाच्या शेतालगत उकरलेल्या मातीचा डोंगर उभा आहे. पावसाळ्यात तो डोंगर शेतात उतरतो आणि उन्हाळ्यात हवेत उडतो. त्याचा कापूस बाजारात नेला की व्यापारी बोंड हातात घेऊन म्हणतो, भाऊ, हा कापूस आहे की कोळसा?

तेव्हा आम्ही ठरवले की दगडाखाली दबलेले दुसरे शेतकरी काय करतात ते एकदा डोळ्यांनी पाहून यावे.

रत्नांचा डोंगर आणि मनिऑर्डर

जिल्ह्याचे नाव रत्नागिरी. नाव रत्नांच्या डोंगराचे आणि जिल्हा चालला मनिऑर्डरवर. पिढ्यान्‌पिढ्या तिथला गडी मुंबईला गिरणीत, गोदीत, हॉटेलात राबला आणि महिन्याला पैसे गावाकडे पाठवत राहिला. त्याला तिकडे चाकरमानी म्हणतात. आपल्या कापसाचे सूत कातणारे हातही त्याच माणसाचे होते हे आपण विसरू नये. कापूस पिकवणारा विदर्भात बुडाला, सूत कातणारा मुंबईच्या १९८२ च्या संपानंतर बुडाला.

रत्नागिरी शहरात एक राजवाडा आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा तिथे कैदेत होता. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणले, आणि १९१६ साली तो तिथेच मेला. याचे आपल्याला काय? ऐका. ब्रह्मदेशाच्या उत्तर भागात माणकांच्या खाणी होत्या, जगात नाव असलेल्या. या राजांच्या अमलात कायदा असा की ठरावीक किमतीच्या वरचा खडा सापडला तर तो राजाचा. खणणारा खणत राही, आणि मोठा खडा हाती लागला तर तो फोडून लहान करी, असे सांगतात. का? राजाच्या हाती जाऊ नये म्हणून. मग इंग्रज आले. त्यांनी राजाला पकडून रत्नागिरीत ठेवले. पण राजाचा जो हक्क होता, मोठा खडा माझा म्हणण्याचा, तो काही त्यांनी खणणाऱ्याला दिला नाही. तो स्वतःकडे घेतला आणि १८८९ साली एका विलायती कंपनीला खाणी खंडाने देऊन टाकल्या.

राजा गेला, कंपनी आली, पुढे ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, पण खालच्या दगडावरचा हक्क राज्य करणाराकडेच राहिला. आपल्याकडेही असेच झाले आहे. ते कसे, ते थोड्या वेळाने सांगतो.

एकाच पाषाणाची दोन लेकरे

आधी दगड समजून घेऊ. आपली काळी जमीन आणि कोकणातला तांबडा जांभा ही एकाच आईची दोन लेकरे आहेत. साडेसहा कोटी वर्षांमागे या मुलखात जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला रस बाहेर आला. थरावर थर साचून त्याचा काळा पाषाण झाला. आपल्याकडे पाऊस कोकणाच्या मानाने कमी. त्या बेताच्या पावसात पाषाण झिजला आणि काळी माती झाली, ओल धरून ठेवणारी. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. त्या धुवाधार पावसाने लाखो वर्षे पाषाणातले विरघळेल ते सगळे धुऊन नेले. मागे उरले लोखंड आणि ॲल्युमिनियम. त्याचाच जांभा झाला. लोखंड जास्त तो तांबडा चिरा, ज्याची तिकडे घरे बांधतात. ॲल्युमिनियम जास्त तो बॉक्साईट. चार-पाच टन बॉक्साईटमधून एक टन ॲल्युमिनियम निघते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, दापोली आणि मंडणगड तालुक्यांत, समुद्राकडच्या उंच सपाट माथ्यांवर हा बॉक्साईट आहे. त्या माथ्याला तिकडे सडा म्हणतात. दक्षिणेकडे, आताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कासार्ड्याला काचेची वाळू आहे आणि गोव्याच्या हद्दीला रेडीला लोखंड आहे. १९८१ पर्यंत हा सगळा एकच रत्नागिरी जिल्हा होता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतसुद्धा इल्मेनाईट म्हणून धातूचे कण आहेत. तेव्हा नाव ठेवणाऱ्याने नाव अगदीच खोटे ठेवलेले नाही.

रेडीची एक गोष्ट तिकडच्या लोकांनी सांगितली. तिथल्या खाणीच्या जागी १९७६ साली जमिनीतून दोन हातांच्या गणपतीची मोठी मूर्ती निघाली. आज तिथे देऊळ आहे, लांबून लोक येतात. आमच्यातला एकजण लगेच म्हणाला, "म्हणजे गणपती निघाला तो गावाचा झाला, आणि लोखंड निघाले ते बोटीत बसून परदेशी गेले!"

सातबाऱ्यावर पोटखराब

आम्ही सड्यावर चढलो. वर पाहाल तर उजाड. कातळ, त्यावर वाळलेले गवत, कुठे करवंदीची जाळी. आपल्या माणसाला वाटेल, या जमिनीत काय आहे? सातबाऱ्यावर तिची नोंद बहुतेक ठिकाणी पोटखराब अशीच. पोटखराब म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पीक नाही, म्हणून आकार नाही, म्हणून किंमत नाही. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे. अर्धे मुंबईला, काही वारलेले, वारसनोंदी झालेल्या नाहीत.

सरकारच्या कागदावर जी जमीन कवडीमोल, तीच खाणवाल्याच्या नकाशावर लाखमोलाची. दलाल मुंबईला जातो, चाळीत बसून चुलतभावाची सही घेतो, मुखत्यारपत्र करून घेतो. पोटखराबाला एवढे पैसे मिळतात म्हणून चाकरमानी खूश. गावातल्या भावाला कळते तेव्हा सड्यावर यंत्र चढलेले असते.

सड्याच्या खाली वाडी होती. तिथे एका आजीने आम्हाला पाणी दिले. थंडगार. आम्ही विचारले, आजी, विहिरीचे का? त्या म्हणाल्या, "विहीर नाही पावण्यांनो, झऱ्याचं. सडा पितो आणि आम्हाला पाजतो." या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. जांभा हा भोकाभोकांचा दगड. पावसाळ्यात तो स्पंजासारखा पाणी पितो. खाली चिकण मातीचा थर असतो, तिथे पाणी अडते आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यातून हळूहळू बाहेर येते. त्या पाण्यावर वाडी पिते, गुरे पितात, पोफळी आणि आंब्याची कलमे जगतात. वरचा दगड काढून नेला की पिणारा गेला. मग पाऊस पडेल तेवढा, पण तो लाल गाळ घेऊन चार तासांत खाडीला मिळेल, आणि मार्च महिन्यात वाडीवर टँकर येईल. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात टँकर!

म्हणजे जी जमीन सातबाऱ्यावर पोटखराब, ती खरे तर वाडीची टाकी आहे. टाकीची नोंद कुठल्याही सातबाऱ्यावर नाही.

आम्हाला पटले नाही ते

तिथे सगळेच एका सुरात बोलतात असे समजू नका. एका वाडीत एक गृहस्थ आमच्याशी भांडले. ते म्हणाले, "तुम्ही बाहेरून येता, झऱ्याचे पाणी पिता, वा वा करता आणि जाता. माझी तीस कलमे आहेत. थंडी लांबली की मोहर गळतो, अवकाळी आला की काळा पडतो. माकडे अर्धे खातात. उरलेल्या पेटीला मुंबईचा दलाल काय देतो ते मला माहीत. माझा सडा घेऊन कुणी मला रोख पैसे देत असेल तर मी का विकू नये? माझी जमीन आहे ना?"

आम्ही त्यांना काय उत्तर देणार? शेतमालाला भाव नाही म्हणून शेतकरी जमीन फुंकून टाकतो हे तर आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. शेती तोट्यात ठेवायची, आणि मग शेतकरी जमीन राजीखुशीने देतो म्हणायचे, ही राजीखुशी कसली? पण त्यांचा दुसरा मुद्दा खरा होता. माझी जमीन आहे, मी ठरवेन. हे म्हणण्याचा हक्क त्यांना आहेच. शहरातल्या माणसाने येऊन शेतकऱ्याला सांगावे की तू गरीब रहा पण निसर्ग राख, हे आम्हाला मान्य नाही.

अडचण पुढे आहे. सडा त्यांचा, झरा सगळ्या वाडीचा. त्यांनी दगड विकला तर आजीचे पाणी त्याबरोबर विकले जाते, आणि त्या पाण्याचा पैसा आजीला कुणी देत नाही. तेव्हा मालकी म्हणजे मालकाने वाटेल ते करावे, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. आपल्या धुऱ्यावरून पलीकडच्याच्या शेतात पाणी काढून दिले तर आपण भांडतो की नाही? तोच न्याय इथे आहे.

आणि कलमवाले गृहस्थ ज्याला माझी जमीन म्हणत होते, ती खरोखर त्यांची किती होती? आता त्या गोष्टीकडे येतो.

मालक कोण?

१८७९ साली इंग्रजांनी मुंबई इलाख्यासाठी जमीन महसुलाचा कायदा केला. त्यात ६९ वे कलम असे की शेतसारा भरणाऱ्या रयतेच्या जमिनीतल्या खाणी आणि खनिजे यांवरचा हक्क सरकारने राखून ठेवला आहे. इंग्रज गेला. १९६६ साली आपल्या राज्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता केली. कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ सगळ्यांना एकच कायदा. त्याचे ४८ वे कलम काढून पाहा. जमिनीवर असोत की जमिनीखाली, कुठेही सापडलेली सर्व खनिजे सरकारची. गोऱ्याचे वाक्य काळ्याने उचलले आणि आणखी घट्ट केले.

१९५७ साली दिल्लीने दोन कायदे केले, एक सर्व खनिजांचा आणि एक कोळशाच्या जमिनींचा. कोळशाच्या कायद्याखाली आपल्या वणी-चंद्रपूरकडच्या जमिनी गेल्या. खाण कुणाला द्यायची, रॉयल्टी किती घ्यायची हे सगळे वर ठरते. आपली कापूस एकाधिकार खरेदी आठवते ना? १९७२ साली सुरू झाली तेव्हा सांगितले की व्यापारी लुटतो म्हणून सरकारच कापूस घेणार. विकणारे आपण लाखो आणि घेणारा एकटा. त्याने काय भाव दिला ते तुम्ही भोगले. दगडाच्या बाबतीत तर आपण विकणारेसुद्धा नाही. सरकार स्वतःच विकते आणि स्वतःच पैसे घेते.

८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी केरळच्या मलबारातल्या जमीनमालकांच्या खटल्यात एक निकाल दिला. त्यांनी म्हटले, जमिनीखालचे खनिज हे साधारणपणे जमीनमालकाचेच. कायदेशीर मार्गाने ते त्याच्याकडून काढून घेतले नसेल तर ते सरकारचे होत नाही. १९५७ च्या कायद्याने सरकारला खाणींचे नियमन करता येते, मालकी मिळत नाही. निकाल वाचून आमच्या अंगावर काटा आला. पण नाचू नका. तो निकाल मलबारच्या जमिनींचा. आपल्या वाटेत ४८ वे कलम आडवे पडलेले आहे. मालकी हवी असेल तर लढाई त्या कलमाशी आहे, हे नीट ध्यानात ठेवा.

दुसरा निकाल २५ जुलै २०२४ चा. नऊ न्यायमूर्ती बसले. प्रश्न होता, रॉयल्टी हा कर आहे का? आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांनी सांगितले, रॉयल्टी हा कर नाही. खनिज काढू देण्याबद्दल खाणवाल्याने ते देणाऱ्या मालकाला दिलेला तो मोबदला आहे. आपल्या भाषेत, खंड. आणि राज्यांना खनिजाच्या हक्कावर वेगळा कर बसवता येईल. राज्य सरकारे खूश झाली, दिल्ली नाराज झाली. केंद्राचा वाटा किती आणि राज्याचा किती, यावर पंचवीस वर्षे भांडण चालले. त्या सगळ्या भांडणात ज्याच्या शेताखालून दगड निघतो त्याचा वाटा किती, हा प्रश्न कुणी काढला नाही. रॉयल्टी हा खंड असेल तर खंड मालकाला मिळतो. वखर आमचा, सातबारा आमचा, सारा आम्ही भरला, मग खंड खाणारा मालक दुसराच कसा?

तोट्याच्या शेतीची भरपाई

कुणी म्हणेल, खनिज सरकारचे असले तरी वरच्या जमिनीची भरपाई मिळते ना? मिळते. तिचा हिशेब ऐका. खनिज सवलतीचे नियम १९६० साली झाले. त्यातला ७२ वा नियम सांगतो की शेतजमिनीची वार्षिक भरपाई ठरवताना तशाच जमिनीतल्या लागवडीचे मागच्या तीन वर्षांचे सरासरी निव्वळ उत्पन्न धरावे. २०१६ साली नियम नवे झाले, हिशेबाची रीत तीच राहिली.

आता आम्ही विचारतो. या मंडपात ज्यांना मागच्या तीन वर्षांत कोरडवाहू कापसात आणि ज्वारीत निव्वळ उत्पन्न उरले, त्यांनी हात वर करा. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि घरच्या माणसांची मजुरी वजा करून. एकही हात वर नाही. म्हणजे या नियमाने तुमच्या जमिनीची भरपाई किती? शून्य! उलट तोटा धरला तर तुम्हीच खाणवाल्याला काही देणे लागाल. आधी धोरणाने शेती तोट्यात घालायची आणि मग त्याच तोट्याने जमिनीचे मोल मोजायचे. कोकणात पोटखराब म्हणून शून्य, आपल्याकडे तोटा म्हणून शून्य. शून्य मात्र सगळीकडे सारखा.

दगडाचा भाव बघा. २०१४ साली ठरलेल्या दराप्रमाणे बॉक्साईट ॲल्युमिनियम काढायला गेला तर रॉयल्टी त्यातल्या धातूच्या भावाच्या ०.६० टक्का. शंभर रुपयांच्या धातूमागे साठ पैसे. इतर कामाला किंवा निर्यातीला गेला तर विक्रीभावाच्या २५ टक्के. लोखंडाची गोष्ट तर आणखी पुढची. २००९ पर्यंत उत्तम प्रतीच्या लोहदगडावर रॉयल्टी होती टनाला जास्तीत जास्त २७ रुपये, आणि तेव्हा परदेशी बाजारात तो दगड टनाला हजारो रुपयांनी जात होता. इंग्रजाच्या राज्यात आपला कापूस गाठी बांधून मँचेस्टरला जायचा, तसा हा दगड बोटीत भरून चीन-जपानला गेला.

गोव्याचा धडा

रत्नागिरीहून आम्ही दक्षिणेला उतरलो. गोव्यात २०१०-११ साली पाच कोटी टनांच्या वर लोहदगड बाहेर गेला. खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या, पंप लावून पाणी उपसले, आजूबाजूच्या विहिरी आटल्या, भातखाचरात लाल गाळ बसला. २०१२ साली न्यायमूर्ती शहा आयोगाने सांगितले की बेकायदा खाणीत सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ साली अटी घालून परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करून पुन्हा थांबवल्या. ज्याने शेत पडीत टाकून ट्रक घेतला होता, तो हप्ते फेडता फेडता रस्त्यावर आला. शेतही गेले आणि ट्रकही उभा राहिला. खाणीवर गाव चालले आणि खाण थांबली, तर मागे परत यायला शेत शिल्लक असावे लागते.

त्या २०१४ च्या निकालात मात्र एक चांगली गोष्ट आहे. विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायम निधीत ठेवावी, पुढच्या पिढ्यांसाठी, असा आदेश झाला. दगड एकदाच निघतो, तो काही दरसाल उगवत नाही, हे न्यायालयाला कळले.

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात कळणे गाव आहे. २००८-०९ मध्ये तिथल्या लोकांनी खाणीविरुद्ध मोठे आंदोलन केले. खाण झालीच. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात त्या खाणीची कडा फुटली आणि साठलेले पाणी, चिखल गावात आणि बागायतीत शिरला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात नव्या खाणींना परवानगी देऊ नये असे केंद्राने २०१० साली ठरवले होते, माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली अहवाल दिला. अहवाल येतात, मसुदे निघतात, सह्याद्रीची अंतिम अधिसूचना मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली.

घेतलेली जमीन परत येत नाही

आणखी एक गोष्ट रत्नागिरी शहराशेजारची. सत्तरच्या दशकाच्या आसपास ॲल्युमिनियमचा सरकारी कारखाना होणार म्हणून तिथली शेकडो एकर जमीन घेतली. कारखाना काही झाला नाही. जमीन शेतकऱ्यांना परत मिळाली नाही. १९९२ साली तिथेच झाडगावला सुमारे ५०० एकर जागा तांबे गाळण्याच्या स्टरलाईटच्या कारखान्याला दिली. आंबा बागायतदार आणि मच्छीमार एक झाले, १९९३ साली आंदोलन पेटले, १९९४ साली परवानगी थांबवावी लागली. कारखाना तामिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तिथे मे २०१८ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे मेली आणि मग तो कारखानाही बंद झाला. रत्नागिरीच्या शेतकऱ्यांनी आपल्या दारातले संकट परतवले याचा त्यांना अभिमान आहे. पण एका म्हाताऱ्याने हळूच सांगितले, "ते मेले ना, ते आमच्या वाटचे मेले." यावर बोलायला आमच्याकडे शब्द नव्हते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात लिहिले आहे की घेतलेली जमीन पाच वर्षे वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी बँकेत परत जाईल. त्यातला "किंवा" शब्द कुणी घातला ते आम्हाला माहीत नाही, पण घालणारा हुशार होता.

आता काय करायचे?

भाषण ऐकून टाळ्या वाजवून जाऊ नका. पाच कामे आहेत, आणि ती याच महिन्यात करायची आहेत.

पहिले, घरी गेल्यावर सातबारा काढा. मेलेल्यांची नावे कमी करून वारसनोंदी करून घ्या. बहिणींची, बायकांची नावे लावा. जमीन दलालाच्या हाती जाते ती बहुधा सामाईक सातबाऱ्यातून, गावाबाहेरच्या एका सहीने. गावाबाहेरच्या भावाला पत्र लिहा, मुखत्यारपत्र देण्याआधी घरी विचार म्हणावे.

दुसरे, कोरा कागद किंवा इसार पावती, कशावरही मंडळीत बसून वाचल्याशिवाय सही नाही. भोके पाडणारा आला तर तारीख, गट नंबर आणि तो कुणाच्या हुकमाने आला हे वहीत लिहून ठेवा.

तिसरे, गावातल्या प्रत्येक विहिरीचे पाणी आत्ता किती हातांवर आहे ते चैत्रात आणि आश्विनात मोजून ठेवा. कोकणात वाडीकडे झऱ्याची नोंद नव्हती, म्हणून झरा आटल्यावर तो कधी होता हेच सिद्ध करता आले नाही.

चौथे, २०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांकडून रॉयल्टीच्या तीस टक्के, लिलावातल्या पट्ट्यांकडून दहा टक्के रक्कम तिथे जमा होते. ती खाणीने बाधित झालेल्या गावांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शाळेसाठी आहे. तुमच्या गावाला किती आले, ग्रामसभेत ठराव करून हिशेब मागा. ती भीक नाही, आपल्याच दगडाचा उरलासुरला खंड आहे.

पाचवे काम मोठे आहे. तोट्याच्या शेतीवर भरपाई मोजणारा नियम बदलला पाहिजे. दगड निघेल तोवर टनामागे ठरलेला वाटा जमीनमालकाला आणि ज्यांचे पाणी जाते त्या शेजाऱ्यांना, दोघांनाही मिळाला पाहिजे. आणि ४८ व्या कलमातून शेतकऱ्याच्या शेताखालचे खनिज मोकळे झाले पाहिजे. ते झाल्यावर खाण द्यायची की नाही हे शेतकरी आणि त्याचे गाव मिळून ठरवतील. देतील तर भाव ठरवून देतील, आणि नाही म्हणतील तर नाही.

निघताना आजींनी विचारले, तुमच्याकडे झरे आहेत का? आम्ही म्हणालो, नाही आजी, आमच्याकडे विहिरी आहेत, त्याही उन्हाळ्यात आटतात. त्या म्हणाल्या, "मग तुमच्याकडे कोण कुणाला पाजतं?" उत्तर आम्हाला सुचले नाही. तुम्ही घरी जाऊन विचार करा, आणि पुढच्या मेळाव्याला येताना विहिरींच्या नोंदीची वही बरोबर आणा. कोणी आणली आणि कोणी नाही, ते आम्ही मंडपाच्या दारातच पाहणार आहोत.